सहा सिलिंडरची आडवी सुबारू आणि मामाच्या विहिरीवरची मोटार

माझ्या मामाचा पोरगा मेलबर्नला असतो. मूळ परतूरकडचा, तिकडं जाऊन सहा वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यात त्यानं एक जुनी सुबारू घेतली, लिबर्टी ३.०आर, २००५ ची. लेगसीलाच ऑस्ट्रेलियात लिबर्टी म्हणतात. आधी फोटो आले, मग इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून आला, आणि तिसऱ्या दिवशी मेसेज, "दादा, हिची पॉवर वाढवायची, काय काय लागंल?"

आमचं जालन्याला बोरिंगचं दुकान. म्हणजे बोअरवेल नाही बरं का, इंजिनचं बोरिंग, सिलिंडर बोअर करणं, होनिंग, क्रँक घासणं, हेडला फेस मारणं, व्हॉल्व्हच्या सीटा कापणं. वडलांच्या हातापासून ट्रॅक्टर, टेम्पो, जीपा यायलेत, त्यामुळं नातेवाइकांना वाटतं की ह्याला जगातलं कुठलंबी इंजिन कळतं. सुबारू आमच्या दुकानात आजवर एकही आली नाही, येणार बी कुठून, आपल्याकडं त्यांची शोरूमच नाही. पण मला हे आडवं इंजिन लई दिवसांपासून आवडतं, वाचत असतो, बघत असतो, म्हणून त्याला जे दोन-तीन रविवारी फोनवर सांगितलं तेच इथं लिहायलोय.

पहिल्या फोनला मी उलटा प्रश्न टाकला. म्हटलं, मामाच्या विहिरीवरची पाचची मोटार काढून साडेसातची बसवली होती, तेव्हा काय झालं आठवतं का? त्याला आठवत होतं. पाइपलाइन जुनीच अडीच इंची, फूटव्हॉल्व्ह जुना, केबल जुनी, आणि विहिरीला झरा तेवढाच. पहिले दोन दिवस धार जरा जोरात वाटली, मग विहीर अर्ध्या तासात तळाला जायला लागली, केबल हाताला चटका बसेल इतकी गरम, आणि आठव्या दिवशी मोटार जळाली. आपल्याकडं हॉर्सपॉवर हा शब्द शोरूममध्ये नाही, विहिरीवर कळतो.

इंजिन म्हणजे सुद्धा एक पंपच, फक्त पाण्याऐवजी हवेचा. पेट्रोल कितीही ओतता येतं, त्यात काही कमाल नाही, पण ते जाळायला जेवढी हवा आत आली तेवढीच ताकद निघते. त्याचं इंजिन ३ लिटरचं, म्हणजे सहाही सिलिंडर मिळून ३ लिटर, आणि फोर स्ट्रोक असल्यामुळं क्रँकचे (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचे) दोन फेरे झाले की एकदा सगळे सिलिंडर भरतात, म्हणजे एका फेऱ्याला दीड लिटर. ६६०० आरपीएमला हिशोब करा, दीड गुणिले ६६००, मिनिटाला ९९०० लिटर हवा. उन्हाळ्यात आपल्या वस्तीवर दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तेवढा अख्खा टँकर ते इंजिन एका मिनिटात नाकानं ओढतं. आता पॉवर वाढवायची म्हणजे एवढंच, मिनिटाला एका टँकरच्या जागी सव्वा किंवा दीड टँकर हवा आत घालायची. तिथपर्यंत जायचे रस्ते तीन: फेरे वाढवा, सिलिंडर मोठा करा, नाहीतर हवा दाबून भरा. चौथा रस्ता म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून आहे तीच हवा जरा हुशारीनं जाळा, त्याला रिमॅप म्हणतात. दुकानात विकायला ठेवलेलं कुठलंही पार्ट ह्या चारांपैकी एखाद्यात बसत नसेल तर ते स्टिकर आहे असं समजायचं.

आता हे इंजिन काय चीज आहे ते. नेहमीच्या गाडीत सिलिंडर उभे, एका ओळीत. व्ही-सिक्समध्ये तीन-तीन तिरके. सुबारूत ते पार आडवे झोपवलेले, तीन डावीकडं, तीन उजवीकडं, मधी क्रँक. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, दोन बॉक्सर मुठी आपटायलेत असं दिसतं म्हणून त्याला बॉक्सर इंजिन म्हणतात (आपल्या जुन्या बजाज बॉक्सरचा ह्याच्याशी काही संबंध नाही, ती बिचारी एका सिलिंडरची). एकाचा झटका समोरचा खाऊन टाकतो, आणि सहा सिलिंडरमध्ये हा हिशोब इतका नीट जुळतो की थरथर मारायला जो बॅलन्स शाफ्ट लावतात त्याची गरजच राहत नाही. चालू इंजिनवर नाणं उभं राहतं म्हणतात ते असल्याच इंजिनांमुळं. पोर्शच्या ९११ मध्येही हीच मांडणी.

नावाची एक गंमत सांगतो. सुबारू हा जपानी शब्द म्हणजे आपली कृत्तिका, तेच नक्षत्र ज्याच्यावरून कार्तिक महिना आला. लोगोवर सहा तारे आहेत, एक मोठा आणि पाच छोटे, कारण पाच कंपन्या एकत्र येऊन १९५३ ला फुजी हेवी इंडस्ट्रीज तयार झाली. आपल्याकडं पण कृत्तिका सहाच मोजतात, कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा आया. मी भावाला म्हटलं, सहा सिलिंडरची सुबारू घेतलीस म्हणजे नावाला जागलास.

बॉक्सर इंजिन सुबारू १९६६ च्या सुबारू १००० पासून बनवतीय, पण ती चार सिलिंडरची. सहाचं घराणं लहान आहे. आधी १९८७ ला एक्सटी६ साठी २.७ लिटरचं ईआर२७ आलं, मग १९९१ ला एसव्हीएक्स नावाच्या गाडीत ३.३ लिटरचं ईजी३३, अमेरिकेतल्या आकड्यानं २३० एचपी, गाडीचं डिझाइन इटलीच्या जुजारो ह्या डिझायनरचं, काचेच्या आत काच, बघायला आजही नवीन वाटते. त्यानंतर २००० च्या सुमारास ३ लिटरचं ईझेड३०, आणि शेवटी ३.६ लिटरचं ईझेड३६, ते २०१९ च्या मॉडेलपर्यंत चाललं. ईआर आणि ईजीला टायमिंग बेल्ट, ईझेडना चेन. ईझेड३० बनवताना सुबारूनं एक कमाल केली, दोन सिलिंडर जास्त असून ते चार सिलिंडरच्या २.५ लिटरपेक्षा जेमतेम २ सेंटीमीटर लांब आहे. म्हणजे सगळं दाटीवाटीनं बसवलंय, आणि ही दाटी पुढं आपल्याला नडणार आहे, लक्षात ठेवा.

भावाच्या गाडीतलं ईझेड३०आर, म्हणजे २००३ नंतरचं सुधारलेलं. १८० किलोवॅट, आपल्या भाषेत २४५ घोडे, ६६०० आरपीएमला. त्याच्यात इनटेक कॅमचं (हवेचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग चालता चालता बदलतं, व्हॉल्व्ह किती उघडायचा ते पण बदलतं. कॉम्प्रेशन १०.७ ला १, म्हणजे आत आलेली हवा ठिणगीच्या आधी तेवढी दाबली जाते. हे सगळं मी त्याला कामून सांगितलं, तर कंपनीनं आधीच ह्या इंजिनला श्वास घ्यायला चांगलं शिकवून ठेवलंय. लिटरला ८० च्या वर घोडे, टर्बो नसताना, २००३ साली. ज्या इंजिनचं नाक कंपनीनं चोंदवून ठेवलेलं असतं त्याला फिल्टर-सायलेन्सर बदलून फरक पडतो. ज्याचं नाक मोकळंच आहे त्याला अजून किती मोकळं करणार?

तरी पोरगं ऐकंना. त्याला कोल्ड एअर इनटेक घ्यायचा होता, चकचकीत पाइप आणि उघडा कोन फिल्टर. मी म्हटलं, तुझा उघडा फिल्टर बॉनेटच्या आतली गरम हवा ओढंल, आणि गरम हवा म्हणजे पातळ हवा. आपल्या उदाहरणावर बघा. कंपनी घोडे मोजते ते साधारण थंड हवेत, समुद्रसपाटीच्या दाबाला. आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, तिथं हवेचा दाब सहा-साडेसहा टक्के कमी. त्यात मे महिना, सावलीत ४० डिग्री, १५ डिग्रीच्या मानानं हवा आठ टक्के पातळ. दोन्ही मिळून चौदा टक्के गेले, म्हणजे त्याची २४५ घोड्यांची गाडी जालना रोडवर दुपारी दोन वाजता २१० ची झाली, एक नट सुद्धा न खोलता. चकचकीत पाइपानं जे चार-पाच घोडे मिळायचेत (मिळालेच तर) ते बॉनेटखालच्या गरमीनंच खाल्ले. त्यापेक्षा कंपनीचा डबा तसाच ठेव, फिल्टर साफ घाल, आणि डब्याला बाहेरची गार हवा नीट मिळते का बघ. फुकटात काम.

एक्झॉस्टचं थोडं वेगळं आहे आणि इथं नेमकं कोणतं इंजिन ते बघावं लागतं. पहिल्या ईझेड३० मध्ये, ज्याला डी म्हणतात, हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) आतच तिन्ही सिलिंडरचा धूर एकत्र होतो आणि एका बाजूला एकच तोंड बाहेर येतं. त्याला महागातले हेडर (हेडमधून धूर बाहेर नेणारे पाइप) लावणं म्हणजे तीन गल्ल्यांची गर्दी एका बोळातून काढायची आणि बोळाच्या पुढं चौपदरी रस्ता बांधायचा. आरमध्ये तीन तोंडं वेगळी आहेत, तिथं चांगल्या हेडरला काहीतरी अर्थ. पण हे इंजिन आधीच दाटीत बसवलेलं, हेड दोन्ही बाजूंनी चेसिसला टेकल्यासारखे, त्यामुळं हेडरचे पाइप हवे तसे लांब आणि हवे तसे वळवता येत नाहीत. मागचा सायलेन्सर बदलला की आवाज बदलतो, आणि ह्या इंजिनचा आवाज खरंच ऐकण्यासारखा आहे, चार सिलिंडरच्या सुबारूसारखी घरघर नाही, एकसारखा रेशमी. आवाजासाठी बदलायचा असंल तर खुशाल बदल, म्हटलं, घोड्यांसाठी म्हणून बिल फाडू नको.

मग आला रिमॅप. आपल्याकडं हा शब्द आता गावोगाव पोचलाय, डिझेल हॅचबॅकवाली पोरं "स्टेज वन मारलंय भाऊ" म्हणत फिरतात. टर्बो डिझेलमध्ये रिमॅपनं झटकन फरक पडतो ते खरं, कारण कॉम्प्युटरला सांगितलं की टर्बोचा दाब वाढव आणि डिझेल वाढव, झालं. टर्बो नसलेल्या पेट्रोलमध्ये वाढवायला दाबच नाही. तिथं मुख्यतः दोन गोष्टींशी खेळता येतं, हवेत पेट्रोल किती मिसळायचं आणि ठिणगी कधी टाकायची.

मिश्रणाचं सोपं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. निवांत चालवताना कॉम्प्युटर तेवढंच धरतो. पूर्ण दाबलं की जरा जास्त पेट्रोल, साडेबारा-तेराच्या आसपास, तिथं जोर जास्त निघतो आणि जादा पेट्रोलानं आतली गरमी पण कमी राहते. टर्बो असंल तर अजून खाली, साडेअकराच्या आसपास ठेवतात. हे मोजायला वाइडबँड नावाचा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात लावतात. तो न लावता रिमॅप करणारा माणूस म्हणजे नाडी न बघता औषध देणारा डॉक्टर.

ठिणगीचं प्रकरण अवघड आणि तिथंच इंजिनं मरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, कारण जाळ पसरायला वेळ लागतो, आणि आतला दाब सगळ्यात जास्त तेव्हा व्हायला पाहिजे जेव्हा पिस्टन वरून नुकताच खाली निघालाय. झोका देताना बघा, झोका मागं येऊन परत पुढं निघाला की धक्का द्यायचा, आधी दिला तर हाताला लागतं, उशिरा दिला तर वाया. ठिणगी थोडी आधी सरकवली की जोर वाढतो, अजून आधी, अजून जोर, आणि मग एका क्षणी कोपऱ्यातलं न जळलेलं पेट्रोल-हवा दाबानं आणि उष्णतेनं आपोआप एकदम पेटतं. जाळ पसरत नाही, स्फोट होतो. त्यालाच नॉकिंग. आमच्या दुकानात असे पिस्टन येतात, कडेला उंदरानं कुरतडल्यासारखे, रिंगेच्या मधली पट्टी तुटलेली. मालक म्हणतो, "तेल तर टायमाला बदलायचो." तेलाचा काही दोष नसतो.

नॉकिंग किती उशिरा येईल ते पेट्रोलच्या ऑक्टेनवर. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त हा लई मोठा गैरसमज आहे, ऑक्टेन म्हणजे फक्त दम धरायची क्षमता, दाब आणि गरमी सोसून ठिणगी येईपर्यंत न पेटता थांबणं. मेलबर्नला पंपावर ९१, ९५ आणि ९८ असे तिन्ही मिळतात. भाऊ आधी ९१ भरायचा, स्वस्त म्हणून. १०.७ कॉम्प्रेशनच्या इंजिनला ९१ भरलं की नॉक सेन्सर खडखड ऐकतो आणि कॉम्प्युटर गुपचूप ठिणगी उशिरा करतो, म्हणजे घोडे कमी करतो. मी म्हटलं, तू आधी दोन टाक्या ९८ भर, तुझा पहिला "मॉडिफिकेशन" तोच. त्यानं भरलं आणि आठवड्यानं फोन, गाडी हलकी वाटायलीय म्हणून. ते हलकं वाटणं म्हणजे नवीन घोडे नाहीत, कंपनीचेच होते, तो विनाकारण बांधून ठेवत होता.

आपल्याकडं साधं पेट्रोल इथेनॉल वाढायच्या आधी ९१ चं असायचं, प्रीमियम ९५ चं, आणि मोठ्या शहरांत काही पंपांवर १०० ऑक्टेनचं मिळतं, ते २०२० पासून. शिवाय आता आपल्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, त्यातलं बरंच आपल्याच उसातून निघालेलं. इथेनॉलला शिव्या देणारे लई आहेत, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या-सीलांच्या बाबतीत त्यांची काळजी खोटी नाही, ॲव्हरेज पण घसरतं. पण घोडे वाढवणाऱ्यांचं गणित वेगळंच. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच वर, आणि वाफ होताना ते आतली गरमी शोषून घेतं, म्हणून परदेशात टर्बोवाले मुद्दाम ८५ टक्के इथेनॉल शोधत फिरतात. अट एवढीच की एक किलो इथेनॉलला ९ किलोच हवा पुरते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं, ८५ टक्केवाल्याला साधारण चाळीस टक्के जास्त, मग इंजेक्टर आणि पंप मोठे लागतात. लातूर-धाराशिवचा ऊस असा रेसिंगच्या कामाचा आहे हे आपल्या कारखान्याच्या चेअरमनला कुणीतरी सांगायला पाहिजे.

तर टर्बो नसलेल्या ईझेड३० वर चांगला रिमॅप, चांगलं पेट्रोल, एक्झॉस्ट, सगळं मिळून जे वाढतं ते सांगायला गेलं तर पोरगं नाराज होतं. पैशाच्या मानानं थोडं. कॅम बदलून, फेरे वाढवून अजून काढता येतं, पण फेऱ्यांचा हिशोब कडू आहे. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत खाली ओढला जातो, ती ओढ कनेक्टिंग रॉडच्या दोन बोल्टांवर येते, आणि ती फेऱ्यांच्या वर्गानं वाढते. दहा टक्के फेरे वाढवले तर बोल्टांवर एकवीस टक्के जास्त ओढ. बोल्ट तुटला की रॉड ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर येतो, असे ट्रॅक्टरचे ब्लॉक मी पाहिलेत, आतला क्रँक बाहेरून दिसतो.

"मग टर्बोच टाकू," भाऊ. मला माहीतच होतं शेवटी गाडी इथंच येणार.

टर्बो म्हणजे सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं हवा दाबून आत भरायची. अर्धा बार दाब दिला म्हणजे वातावरणाच्या दीडपट, कागदावर दीडपट हवा. पण सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं ते लहानपणी पाहिलंय ना? दाबली की हवा तापते. बाहेर ४० डिग्री असंल तर अर्ध्या बारानं दाबलेली हवा टर्बोतून निघताना ९० च्या वर जाते. तापली की परत पातळ झाली, आणि वर नॉकिंगला आमंत्रण. म्हणून मधी इंटरकूलर, हवेचा रेडिएटर. तो नीट असला तर २४५ चे सव्वातीनशे-साडेतीनशे घोडे होणं अशक्य नाही, आणि लोकांनी ते केलेलं आहे.

पण कॉम्प्रेशन बघा. सुबारूचीच इम्प्रेझा एसटीआय, कंपनीतून टर्बो घेऊन आलेली, तिच्या २.५ लिटर इंजिनचं कॉम्प्रेशन ८.२. कंपनीनं टर्बोसाठी मुद्दाम खाली ठेवलंय, कारण दाबून भरलेली हवा सिलिंडरमध्ये अजून ८.२ पट दाबली जाणार. आपल्या भावाच्या इंजिनात तीच हवा १०.७ पट. आता कुणी म्हणेल की सुबारूनं २०२० च्या मॉडेलला सहा सिलिंडर काढून टाकून चार सिलिंडरचं २.४ टर्बो दिलं, २६० घोड्यांचं, त्याचं कॉम्प्रेशन १०.६ आहे, मग? बरोबर आहे, पण त्यात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, आतच वाफ होऊन गारवा करतं, आणि कॉम्प्युटर त्याच हिशोबानं बांधलेला. ईझेड३० मध्ये पेट्रोल बाहेर, व्हॉल्व्हच्या मागं पडतं. तो गारवा तिथं मिळत नाही.

पिस्टनवर काय येतं ते पण बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९.२ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचा माथा साडेबासष्ट चौरस सेंटीमीटर, तळहाताएवढा. टर्बो नसताना आतला दाब धरा ७० बारपर्यंत जातो, तर त्या तळहातावर साडेचार टनाच्या जवळ वजन पडलं, दर झटक्याला. टर्बोनं तेच १०० बारला नेलं तर सहा टनाच्या वर. उसाची भरलेली ट्रॉली आठवा. नॉकिंग झालं की ह्याच्यावर हातोडा वेगळा. म्हणून कंपनीच्या पिस्टन-रॉडवर टर्बो चालवायचा असंल तर दाब कमी ठेवायचा, पेट्रोल चांगलं, ठिणगी जरा उशिरा, आणि लालसा आवरायची. जास्त पाहिजे असंल तर इंजिन खोलून फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, फोर्ज्ड रॉड, कॉम्प्रेशन खाली, म्हणजे आमच्यासारख्या माणसाची दिवाळी.

पेट्रोलचं विसरायचं नाही. ३३० घोडे सतत काढायचे तर तासाला शंभर लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. रस्त्यावर एवढा वेळ कुणी दाबून धरत नाही, पण ज्या दहा सेकंदात दाबतो त्या दहा सेकंदात पंप आणि इंजेक्टर त्या वेगानं देऊ शकले पाहिजेत. कमी पडले की मिश्रण पातळ, आत गरमी, आणि परत तोच कुरतडलेला पिस्टन.

बॉक्सरच्या स्वतःच्या दोन खोडी आहेत. एक तेलाची. सिलिंडर आडवे, त्यामुळं लांब वळणावर जोरात गाडी टाकली की तेल बाहेरच्या बाजूच्या हेडमध्ये जाऊन बसतं आणि खाली परत यायला टाळतं, खाली पंप हवा ओढतो आणि बेरिंग कोरडी. म्हणून ट्रॅकवाले लोक संपमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) आडवे पडदे लावतात, आणि तेलाची पातळी कधीच कमी ठेवत नाहीत. दुसरी खोड पाण्याची. कूलंट बदलताना आत हवेचा फुगा राहिला तर काट्यावर सगळं ठीक दिसतं आणि एखादा कोपरा आतून शिजत राहतो. ह्या गाड्यांत कूलंट हळूहळू, फुगे काढत, गाडीचं तोंड जरा चढावर ठेवून भरतात. जुन्या २.५ लिटर चार सिलिंडरच्या सुबारूची हेड गॅसकेटसाठी बदनामी आहे, सहावाल्यांची तेवढी नाही, पण घोडे वाढवले की गरमी वाढणारच. रेडिएटर वीस वर्षं जुना असंल तर टर्बोच्या आधी तो.

आणि मग मागची सगळी ओळ, क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट. ह्याचा अनुभव घरचा आहे. माझ्या दोस्तानं डिझेल गाडी रिमॅप करून घेतली, दोन महिने खुशीत होता, बीडच्या घाटात गाडी भरून चढवताना इंजिन ओरडायलंय आणि गाडी जागेवर. क्लच घसरला. ज्यानं रिमॅप केला तो म्हणाला आमचा संबंध इंजिनाशी, क्लचचं आम्ही काही बोललो नव्हतो. रिमॅपला जेवढे गेले त्याच्यापेक्षा जास्त क्लच-फ्लायव्हीलला गेले. सुबारूत तर सहा सिलिंडरच्या बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिकवाल्या. एसव्हीएक्सला तर चार गिअरची ऑटोमॅटिकच होती, मॅन्युअल नाहीच, आणि तिचं इंजिन धडधाकट राहून गिअरबॉक्स जायचा. भावाची पाच गिअरची ऑटोमॅटिक आहे. म्हटलं, साडेतीनशे घोडे काढलेस तर ते पहिल्यांदा तिच्याच छातीवर नाचतील.

ह्या सगळ्यात मला विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला सगळ्यात शहाणा मार्ग सिलिंडर मोठा करायचा, म्हणजे ईझेड३६ बसवायचं. बोअर ९२, स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर चाल) ९१, ३.६ लिटर, २६० घोडे. घोड्यांचा आकडा वाचून भाऊ हसला, फक्त पंधरा जास्त? मी म्हटलं, घोडे बघू नको, टॉर्क बघ, म्हणजे फिरवायचा जोर. ईझेड३०आर चे २९७ न्यूटन मीटर, ह्याचे ३३५, आणि तेही ४४०० ला. गाडी रोज चालवतोस ती दोन ते चार हजारांत, ६६०० ला कितीदा नेतोस? शिवाय हे इंजिन साध्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच बनवलंय. टर्बोच्या गरमीचं, इंटरकूलरच्या पाइपांचं झंझट नाही. वायरिंग आणि कॉम्प्युटर जुळवणं हे मात्र खरं डोकं खाणारं काम आहे, कॅमचं टायमिंग फिरवायची पद्धत दोघांची वेगळी, त्यामुळं बरेच जण बाजारातला वेगळा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लावतात.

कायद्याचं एका ओळीत. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या गाडीत मूळ बदल परस्पर करता येत नाही, ऑस्ट्रेलियात टर्बो किंवा इंजिन बदलाला इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं, आणि विमा कंपनीला न सांगता केलं तर अपघाताच्या दिवशी कळतं.

शेवटच्या फोनला मी त्याला एकच काम दिलं. म्हटलं, काहीही विकत घ्यायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट कर. सहाही प्लग काढ, गेज लाव, सहा आकडे मला पाठव. सगळे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले तर पुढं बोलू, नाहीतर आधी दुरुस्ती. सोपं वाटलं त्याला. पण हेड चेसिसला टेकलेले, प्लग आडवे, वरून दिसत नाहीत, एका बाजूला एअर फिल्टरचा डबा काढा, दुसऱ्या बाजूला बॅटरी काढा, मग हात घालून चाचपडत. सकाळी आठला बसला होता तो दुपारी दोनला फोन. पाच आकडे आलेत, पाचही जवळजवळ सारखे. एका प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेलं, म्हणजे रॉकर कव्हरचं सील गेलंय, ते बदलावं लागणार.

"आणि सहावा?"

"दादा, सहाव्याचा प्लग निघंना. पाना बसतो पण फिरवायला जागाच नाही. हात पार सोलून निघाला."

मी म्हटलं ओढू नको, हेडचे आटे जातील, इंजिन कोमट असताना थोडं तेल सोड आणि पुढच्या रविवारी बघ. टर्बोचं नाव त्यानं त्या दिवशी काढलं नाही.